ज्वारीत दडवलेली जोडी

पोळ्याच्या दिवशी दुकान बंद ठेवणारा मारवाडी सगळ्या जाफराबाद तालुक्यात एकच होता, तो म्हणजे खडकपिंपरीचा गिरधारीलाल. गोंडे, झुली, मोरक्या, हिंगूळ, बेगड असा बैलांच्या साजाचा सगळा माल त्याच्या दुकानात भरलेला असायचा. आदल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत तो विकायचा, आणि ऐन सणाच्या सकाळी मात्र दुकानाला फळ्या लावून माजघरात जाऊन बसायचा. टेंभुर्णीचे व्यापारी त्याला हसायचे. परगावचा एखादा पाहुणा विचारायचा, "शेटजीच्या घरी सुतक आहे का?" गावचे लोक म्हणायचे, "शेटचं डोकं पुस्तकानं फिरलंय." ते अर्धंच खरं होतं. पुस्तकानं त्याचं डोकं फिरलं नव्हतं, जीव पोळला होता.

त्याचं घराणं राजस्थानातून आलं त्याला चार पिढ्या झाल्या होत्या. त्याच्या आजोबांची राख इथल्याच ओढ्याला गेली होती. तरी गावात त्याचं दुकान 'मारवाड्याचं', त्याची विहीर 'मारवाड्याची', आणि त्याचं पोर पडून गुडघा फुटला तरी लोक म्हणायचे, "मारवाड्याचं पोर पडलं." यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण गिरधारीलालला ते लागायचं. निजामाच्या अमलात तो जाफराबादेत उर्दू शिकला, घरी मारवाडी बोलला, आणि मराठी वाचायला शिकला ती पुड्या बांधायच्या रद्दीतून. गूळ बांधताना तो कागद वाचत बसायचा आणि गिऱ्हाईक ताटकळायचं. पानबाई, त्याची बायको, आतून ओरडायची, "आधी गूळ तर बांधा, मंग वाचा!"

अठ्ठेचाळीस साली निजामी गेली. जालन्याला मराठी पुस्तकं उजळ माथ्यानं मिळू लागली. माल आणायला गेलेला गिरधारीलाल पुस्तकं घेऊन यायला लागला, आणि वाचता वाचता त्याला लिहिण्याचा किडा चावला. लिहायचं तर अहिल्याबाई होळकरांवरच, हे त्यानं ठरवून टाकलं. त्याला कारणही तसंच होतं. त्या बाईसाहेब एकदा खडकपिंपरीवरून गेल्या होत्या, असं गाव सांगत होतं. निदान कडूबा तरी सांगत होता.

कडूबा त्याच्याच वयाचा. वेशीला लागून त्याचं घर. दोघं एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. गावात गिरधारीलालला 'तू' म्हणणारा तो एकटाच माणूस. रझाकारांच्या धामधुमीत शेटचं कुटुंब जालन्याला गेलं, तेव्हा कडूबा दुकानाच्या ओसरीवर कुऱ्हाड उशाला घेऊन झोपला. मंडळी परत आली तर एका पोत्याची शिवण उसवलेली नव्हती. याबद्दल दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलायचं असतं हे कडूबाला सुचलं नाही, आणि गिरधारीलालला कसं बोलावं ते कळलं नाही.

कडूबाच्या घरात एक गोष्ट बापाकडून लेकाकडे येत होती. बाईसाहेबांची स्वारी वेरूळकडे निघाली होती. परतीचा पाऊस, रस्ता चिखलाचा, खडकपिंपरीच्या वेशीपाशी गाडीचा एक बैल बसला तो उठेना. तेव्हा कडूबाच्या घराण्याचा मूळपुरुष राघोजी शेतातून आला, नांगराची आपली जोडी सोडली आणि गाडीला जुंपली. नाव सांगायलाही थांबला नाही. लोकांना त्याचं घर विचारून बाईसाहेब म्हणाल्या, "या घरची जोडी पोळ्याला सगळ्यांच्या पुढं राहील." तेव्हापासून पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जायची ती कडूबाच्या घरची जोडी. पाटलाची तिच्यामागून. कडूबाकडे जमीन बेताची, घर साधं, पण हा मान होता, आणि त्या एका दिवसावर तो वर्षभर ताठ चालायचा.

पुढची दोन-तीन वर्षं गिरधारीलालनं बाईसाहेबांचा माग काढण्यात घालवली. कडूबा गाडी जुंपायचा आणि दोघं निघायचे. कधी जाफराबादच्या जुन्या घरांत, कधी देऊळगावकडे, एकदा तर जालन्याहून मोटारीनं थेट अंबडला. तिथली बाईसाहेबांनी बांधली म्हणतात ती बारव पाहताना गिरधारीलाल कमानी मोजत होता, आणि कडूबा पायरीवर हात फिरवत बसला होता.

"काय बघून राह्यला रे?" गिरधारीलालनं विचारलं.

"काय न्हाई. आपल्या राघोजीनं या बाईला डोळ्यानं बघितलं आसन. मी तिची पायरी बघून राह्यलो." मग तो जरा थांबून म्हणाला, "राघोजी येईन ना रे तुझ्या पुस्तकात?"

"बिलकुल येईन. अख्खं प्रकरण त्याचं."

मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांची मनधरणी करून त्यानं कागद वाचून घेतले. त्यांत शेतसारा होता, तंटे होते, देवळाच्या दिवाबत्तीचं तेल होतं. राघोजी कुठंच नव्हता. त्याची गोष्ट फक्त कडूबाच्या तोंडात होती. गिरधारीलालनं ती तशीच लिहिली, आणि सगळं लिखाण जालन्याच्या एका मास्तरांना दाखवलं. मास्तर भले होते, पण पुस्तकी होते. म्हणाले, "शेटजी, भाषा छान. पण हे राघोजीचं प्रकरण सपक झालंय. बैल मागितले न मागितले तोच त्यानं दिले, यात बाईंचा मोठेपणा कुठे दिसला? मोठेपणा उठून दिसायला समोर कोणी खुजा हवा."

गिरधारीलालला हे पटलं. पटलं म्हणजे काय, रद्दीतून मराठी शिकलेल्या माणसाला मास्तरानं 'भाषा छान' म्हटल्यावर त्याचं पुढचं वाक्य न पटून कसं चालेल? त्यानं घरी येऊन प्रकरण फिरवलं. आता राघोजी स्वारी येताना पाहतो, आपली जोडी उभ्या ज्वारीत दडवतो आणि हात जोडून सांगतो, "बाईसाहेब, गरिबाकडं कुठले बैल?" इतक्यात ज्वारीतून घुंगुरमाळ वाजते. दडवायच्या घाईत ती काढायची राहिलेली असते. शिपाई तलवारीला हात घालतात. बाईसाहेब त्यांना थांबवतात आणि म्हणतात, "ज्याला आपल्या बैलांचा एवढा जीव, तो वाईट माणूस नव्हे. आम्ही माफ केलं. याची जोडी पोळ्याला पुढं राहील." लिहून झाल्यावर गिरधारीलालच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. आपण कोणाला लहान केलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. कडूबा दुकानात येऊन विचारायचा, "राघोजी आला का रे?" हा म्हणायचा, "आला, आला. ऐकशीन तवा कळंन." दोस्ताला चकित करायचं होतं ना!

त्रेपन्न सालचा श्रावण आला. खडकपिंपरीत श्रावणभर मारुतीच्या देवळात पोथी लागायची. चौरंग, त्यावर लाल कापड, बाजूला समई. वाचणारा आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून बसायचा. पोथी उघडताना सगळं गाव हात जोडायचं, मिटताना पुन्हा जोडायचं. वाचायचे रामराव कुलकर्णी, आणि अर्थही तेच सांगायचे. त्या वर्षी रामरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. अर्थ सांगतो म्हणाले, पण वाचणार कोण? काकासाहेब पाटलांनी तोड काढली. "आपला गिरधारीशेट वाचंन की. अन् त्यानं बाईसाहेबांची पोथी लिहिली म्हणतेत, तीच लावू यंदा. आपल्या गावची पोथी, आपल्याच गावच्या माणसाची."

आपल्याच गावच्या माणसाची! गिरधारीलालला आणखी काय पाहिजे होतं? माझं लिखाण पोथी नव्हे, ती कादंबरी आहे, तिच्यात काही खरं, काही मनचं असतं, हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. दुकानाच्या ओसरीवर वाचू, देवळात नको, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो लगेच हो म्हणून बसला. पहिल्या दिवशी तो धूतवस्त्र नेसून चौरंगापुढं बसला. गावानं हात जोडले आणि त्यानंही आपल्याच अक्षरांना हात जोडले. चूक झाली ती इथं. पुढचं सगळं तिच्या पोटातूनच आलं.

वाचन मात्र रंगलं, यात शंका नाही. रामराव अर्थ सांगताना डोलायचे. बायका घाईघाईनं भाकरी उरकून यायच्या. गिरधारीलालनं हिशेब असा बसवला होता, की राघोजीचं प्रकरण अमावास्येच्या जरा आधी, पोळ्याच्या तोंडावर यावं. कडूबाला त्यानं सांगून ठेवलं, "उद्या तुझं घर येतंय."

कडूबा त्या दिवशी नवा फेटा बांधून आला. बदनापूरला दिलेली लेक नंदाबाई, तिला त्यानं मुद्दाम आणवलं होतं. आपलं घर पोथीत यायचं म्हणजे काय लहान गोष्ट होती? दुर्गाबाई, त्याची बायको, नारळ घेऊन बायकांच्या पुढच्या ओळीत बसली. गिरधारीलालनं वाचायला सुरुवात केली. स्वारी आली, बैल बसला, राघोजी दिसला. कडूबानं लेकीकडं वळून पाहिलं. मग राघोजीनं जोडी ज्वारीत घातली. कडूबा गिरधारीलालकडं बघत राहिला. घुंगुरमाळ वाजली आणि देवळात हशा पिकला. वाचणाऱ्यालाही हसू आलं, आपलं लिहिणं साधलं म्हणून. त्यानं मान वर केली तेव्हा समोर कडूबाचं तोंड होतं, आणि तेव्हा कुठं त्याला समजलं. पण वाचन सुरू झालं की अध्याय पुरा करावा लागतो, मधे उठता येत नाही. तो वाचत गेला. रामरावांनी अर्थ सांगताना वर फोड करून सांगितली, "मंडळी, वेशीपाशी घर कोणाचं ते काय सांगायला पाहिजे?"

शेवटी कडूबा उठला. दुर्गाबाईच्या हातातला नारळ घेऊन त्यानं चौरंगापुढं ठेवला, पोथीला डोकं टेकवलं आणि घरी गेला.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली आणि जोड्या वेशीत आल्या. कडूबाची जोडी नेहमीसारखी तोरणाखाली सगळ्यांच्या पुढं उभी होती. मागून कोणी तरी ओरडलं, "घुंगरं काढली का रे?" दुसरा म्हणाला, "ज्वारीत दडव, पाटील मागून राह्यले!" सगळी वेस हसली. त्यात कोणाचं वैर नव्हतं, सणाची मस्ती होती. पण कडूबानं कासरे ओढले, जोडी वळवली आणि मागं निघाला.

हे कळताच गिरधारीलाल गिऱ्हाईक तसंच टाकून धावत आला. "थांब कडूबा! राघोजीनं बैल दडवले न्हाईत. ते मी मनानं लिहिलं."

काकासाहेब पुढं आले. ते रागावले नव्हते, त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं. "मनानं म्हंजे? अंबडची बारव बी मनानंच लिहिली का?"

"न्हाई, ती खरी हाये."

"मंग कोणतं खरं अन् कोणतं खोटं, आम्ही वळखायचं कसं? शेट, एक सांगा. मारुतीपुढं, चौरंगावर बसून, गावाचे हात जोडून घेऊन तुम्ही खोटं वाचलं का?"

सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. 'हो' एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो शब्द बोलला असता तर चौरंग बाटवल्याचा ठपका आला असता, आणि कालपर्यंत 'आपल्या गावचा माणूस' असलेला गिरधारीलाल पुन्हा मारवाडी झाला असता, तोही खोटा. तो चाचरला. "खोटं न्हाई… कादंबरी हाये ती."

कादंबरी म्हणजे काय ते वेशीत कोणालाच ठाऊक नव्हतं. खोटं नाही, एवढं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

"मंग झालं तर," काकासाहेब म्हणाले. "चला, टाइम टळून राह्यला." त्यांची जोडी पुढं झाली. तोरण तुटलं, ढोल वाजला. कडूबाची जोडी सगळ्यांच्या शेवटी, धुरळ्यातून गेली. दोन बैल, पाठीवर गिरधारीलालच्याच दुकानातली झूल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कडूबाच्या घरी गेला. आता मात्र त्यानं सगळं सांगितलं. मास्तर, खुजा माणूस, मोठेपणा, काहीच ठेवलं नाही. कडूबा बैलांना वैरण टाकत ऐकत होता.

"तू सांगून राह्यला ते माझ्यासाठी," कडूबा म्हणाला. "पर तू तीन वर्षं कागदं वाचली. मी सोबतच व्हतो. त्यांत काही घावलं आसन, म्हणून तर तू मला आधी सांगत नव्हता."

"आरे, कागदात राघोजीचं नाव बी न्हाई!"

"ऱ्हाऊ दे गिरधारी. माझ्या बापानं सांगितलं ते तोंडचं. तुझं पोथीतलं. पोथीम्होरं मी काय बोलू?" त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली. "आमच्याच माणसांनी नंतर गोड करून सांगितलं आसन. माणूस आपल्या घराचं वंगाळ कामून सांगंन?"

गिरधारीलाल परत निघाला तेव्हा दुर्गाबाई दारात उभी होती. पदर सारखा करत ती हळूच म्हणाली, "भाऊ, त्यांना तुमचं खरं वाटत न्हाई. मला वाटतं. पर काल येशीत बोलायचं व्हतं ते."

त्यानंतर ती त्याच्या दुकानात आली नाही. मीठमिरचीसाठीसुद्धा टेंभुर्णीच्या बाजारापर्यंत पायी जायची.

गिरधारीलालनं प्रकरण पुन्हा लिहिलं, कडूबानं सांगितलेलं होतं तसं. पुढच्या श्रावणात तो रामरावांकडं गेला आणि म्हणाला, एवढं एक प्रकरण मला पुन्हा वाचू द्या. रामराव म्हणाले, "शेटजी, पोथी गेल्या साली एक अन् यंदा एक, असं असतं का? लोकांचा विश्वास उडंन." त्या वर्षीचा पोळा आला तेव्हा दुकानाला पहिल्यांदा फळ्या लागल्या. जुनं हस्तलिखित त्यानं चुलीत घातलं. पानबाईनं सरपण पुढं सारलं. मग पदरचा खर्च करून त्यानं जालन्याच्या छापखान्यात पुस्तक छापून घेतलं. त्यात राघोजी आपणहून जोडी सोडून देत होता. जालन्याच्या चार लोकांनी वाहवा केली. खडकपिंपरीत प्रती दुकानाच्या फळीवर पडून राहिल्या. गावाला पुस्तक नको होतं, त्यानं पोथी ऐकली होती. लग्नात, बाजारात, मळ्यात घुंगुरमाळेचा किस्सा चालूच राहिला. चांगली गोष्ट लिहिता येणं हा काय शाप असतो, ते गिरधारीलालला विचारावं. ती त्याला कोणाच्या तोंडातून परत काढून घेता आली नाही.

साठ साली उन्हाळ्यात कडूबानं अंथरूण धरलं. दम्यानं तो पार वाळून गेला. गिरधारीलाल भेटायला गेला, जाताना छापील पुस्तक बरोबर घेऊन. मनाशी ठरवून गेला होता, की काही झालं तरी यातलं राघोजीचं पान त्याला वाचून दाखवायचं. छापलेलं तरी त्याला खरं वाटेल. दुर्गाबाईनं त्याला आत घेतलं आणि ती भिंतीशी बसून राहिली.

"कडूबा, मला माफ कर," त्यानं बसतानाच म्हटलं.

"कशाची माफी?" कडूबा दम खात बोलला. "खरं लिहिलं त्याची? येडा हायेस का?" मग त्याचं लक्ष पुस्तकाकडं गेलं आणि त्याचा चेहरा उजळला. "पोथी आणली व्हय रे? मला एक वाचून दाखव. ते माफीचं. बाईसाहेबांनी राघोजीला माफ केलं, ते. लोकं घुंगराचंच ध्यानात ठेवून बसले. मी तेवढं माफीचं रोज आठवतो. लई ग्वाड लिहिलंस. आमच्या घराण्यानं चूक केली तरी त्या माउलीनं पदरात घेतलं, तेवढ्यावर मी हे दिवस काढले बघ."

गिरधारीलालनं दुर्गाबाईकडं पाहिलं. तिनं नवऱ्याच्या उशीखाली हात घालून त्याचं डोकं जरा वर केलं, ऐकू यावं म्हणून.

त्यानं पुस्तक उघडलं. समोरच्या पानावर राघोजी चिखलात उभा होता आणि कोणी मागायच्या आधीच नांगराची आपली जोडी सोडत होता. पानावरची नजर न हलवता गिरधारीलाल वाचू लागला, तिथं नसलेलं. ज्वारीतून घुंगुरमाळ वाजली. शिपायांनी तलवारीला हात घातला. बाईसाहेबांनी त्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, "ज्याला आपल्या बैलांचा एवढा जीव, तो वाईट माणूस नव्हे. आम्ही माफ केलं."

कडूबानं अंथरुणातून दोन्ही हात जोडले. गिरधारीलालनं पुस्तक मिटेपर्यंत ते जोडलेलेच होते.